पहिला चहा विरोधकाला

रविवारी दुपारी पावणेएकला परतूरमधल्या एका मंगल कार्यालयामागच्या तिन्ही चुली विझल्या. भाकरी थापणाऱ्या बायकांनी हात धुतले आणि त्या परातीशेजारी बसून राहिल्या.

पुढे सभागृहात नव्या कामगार कायद्यांवर परिसंवाद चालू होता. जिनिंग कामगारांचे नेते गजाननभाऊ विरोधात बोलत होते, कारखानदारांचे वकील अद्वैत बाजूने. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आणि तीनशेपर्यंत कामगार असलेल्या मालकाला कपातीची मोकळीक, या दोन कलमांवर भाऊंचा आवाज चढला होता. "सकाळी मालकाच्या मनात आलं, दुपारी माणूस घरी," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. एक कर्णा मागच्या अंगणातही लावलेला होता.

त्याच सकाळी भाऊंनी प्रियदर्शनीला घरी पाठवलं होतं. युनियनच्या सगळ्या कार्यक्रमांचा स्वयंपाक वर्षभर ती आणि आणखी तिघी करतात. या कामावरच तिचं घर चालतं. पाहुण्यांचा पहिला चहा तिने अद्वैत वकिलांना नेऊन दिला. इस्त्रीचा शर्ट पाहून तिला तेच अध्यक्ष वाटले. भाऊ बाजूलाच उभे होते. "पुन्हा आपल्या कार्यक्रमाला दिसू नको," असं त्यांनी तिला सांगितलं.

जेवणाची व्यवस्था पाहणारे साहेबराव भाऊंच्या कानाशी लागले. भाऊ भाषण अर्धवट टाकून मागे आले.

"बेबीनंदाताई, हे काय चाललंय?"

"संप हाय, भाऊ. प्रियदर्शनी आली की पिठलं टाकते."

"असं ऐनवेळी? आधी कळवायला नको?"

"चौदा दिवस का?" कौसल्या म्हणाली. "चालल की. जेवण चौदा दिवसांनी वाढतो."

"ते कारखान्याचं झालं. हे आपलं घरचं काम आहे."

"मंग घरच्यांना बोलवा थापायला," बेबीनंदा म्हणाली.

एवढ्यात अद्वैत वकीलही आले. अचानक होणारे संप उद्योगाला बुडवतात, हे त्यांनी नुकतंच अर्धा तास पटवून दिलं होतं. त्यांनी रिकाम्या टोपल्यांकडे पाहिलं.

"मागणी मला रास्त वाटते," ते म्हणाले.

"आत्ता तर कामावरून काढणं मालकाचा हक्क म्हणत होतात," भाऊ म्हणाले.

"तो कारखान्यात. तिचा चहा मी स्वतः प्यायलोय."

"आता दोघं भाषणं बदलून घ्या," साहेबराव म्हणाले. "लोक उपाशी हायेत तवर ऐकून घेतील."

भाऊंनी आवाज खाली आणला. "तिला परत घेतलं तर लोक म्हणतील, गजानन वाकला."

"न्हाई घेतलं तर उपाशीपोटी काय म्हणतील?" बेबीनंदाने विचारलं.

भाऊंनी समिती नेमायची सूचना केली. बायकांनी ऐकून घेतली, उठलं कोणी नाही. शेवटी साहेबराव मोटरसायकल घेऊन प्रियदर्शनीकडे गेले आणि एकटेच परतले. तिचा निरोप होता: ज्यांनी काढलं त्यांनी स्वतः यावं, आणि पहिला चहा कोणाला द्यायचा ते आधी सांगावं.

अडीचला सभागृहात सूत्रसंचालक तिसऱ्यांदा आभार मानत होते. गजाननभाऊ साहेबरावांच्या मागे मोटरसायकलवर बसले होते. गाडी चालू होती. प्रियदर्शनीच्या घरी जायचं की जेवण आणायला स्टेशनजवळच्या खानावळीत, हे भाऊंनी तोवर साहेबरावांना सांगितलेलं नव्हतं.