तुंगाचा मामा

त्या सोमवारी सकाळी विठ्ठलरावांनी दुकान उघडलं, मशीनला तेल घातलं आणि शिवायच्या ब्लाउजांचा ढीग बाजूला सारून कन्नड पेपर पसरला. मंडी मोहल्ल्यातल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात पेपर रोज यायचा, पण तो गिऱ्हाइकांनी वाट बघताना चाळायला. स्वतः विठ्ठलराव फार तर पंचांग बघत. आज मात्र त्यांनी खेळाचं पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. म्हैसूर विभागीय मैदानी स्पर्धा, मुली, आठशे मीटर. पहिली व्ही. तुंगा, म्हैसूर, दुसरी मडिकेरीची, तिसरी हासनची. मग तेच त्यांनी बाही मोठी करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं, समोरच्या भांडीवाल्याला बोलावून दाखवलं आणि शेवटी आत जाऊन बायकोला. कावेरीबाई तांदळाची रोटी थापत होत्या. मुलगी काल धुळीनं माखून घरी आली तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्या हात पुसून बाहेर आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

तुंगा त्यांची एकुलती एक, वय सोळा. महिन्याभरानं बेंगळूरला राज्य स्पर्धा होती. तिथं नीट धावली तर खेळाडू मुलींच्या वसतिगृहात जागा मिळेल, शिक्षणाची सोय होईल, असं कॉलेजच्या खेळाच्या बाईंनी घरी येऊन सांगितलं होतं. पोरीला त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नव्हतं. जेवताना बेंगळूर, झोपताना बेंगळूर. विठ्ठलरावांनी तिच्यासाठी गुडघ्यापर्यंत येणारी निक्कर स्वतः बेतून शिवली होती, कारण रेडिमेड घातली तर देवळातल्या बायका नावं ठेवतील हे त्यांना ठाऊक होतं. बायकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच, ते सोडा.

हे घर विठोबाचं भक्त. कितव्या पिढीत म्हैसूरला आले ते कुणालाच धड सांगता येत नाही. आरती मराठीत म्हणतात आणि भांडण कन्नडात करतात, इतके इथलेच झालेत. आणि इथलं होता होता त्यांनी एक चालही उचलली. मोठ्या बहिणीची मुलगी तिच्या धाकट्या मामाची. पाळण्यातच ठरलेलं. मामा नको म्हणाला तरच ती दुसऱ्याला द्यायची, तीही त्याला धोतर नेसवून, त्याचा मान ठेवून. महाराष्ट्रातल्या वाचकांच्या अंगावर हे वाचून काटा येईल. मामा म्हणजे बापाच्या जागी, शिव शिव, म्हणतील. त्यांनी आपल्या घरात मामाच्या मुलीवर कुणाकुणाचा हक्क सांगितला जातो ते आधी बघावं आणि मग नाक मुरडावं.

तर तुंगाचा मामा म्हणजे कावेरीबाईंचा धाकटा भाऊ रंगनाथ. सरकारी कचेरीत कारकून, वय तिशीला टेकलेलं. कॉलेजात असताना तोही धावायचा. ह्याच विभागीय स्पर्धेत एकदा तो चौथा आला होता. ज्या आळीत बापजादे सगळे मांडी घालून सुई ओवत आले, तिथं चौथा म्हणजे काय कमी झालं? तेव्हापासून तो ‘आमचा रनिंग रंगनाथ’. रामनवमीला देवळातर्फे मुलांच्या शर्यती होत, त्यांची बक्षिसं दरवर्षी त्याच्याच हातून द्यायची. आणि भाचीला धावायला शिकवलं तेही त्यानंच. ती सात-आठ वर्षांची असताना उजाडायच्या आत तिला उठवून कुक्करहळ्ळी तळ्याच्या बांधावर न्यायचा, दमली की खांद्यावर बसवून आणायचा. माणूस वाईट नव्हता हो. भाचीवर त्याचा जीव होता, आणि ती त्याच्या मागे धावत होती तोवर त्या जीवाला कसलीच झळ लागली नाही.

लग्नाचं म्हणाल तर त्याची आई, सोयराबाई, चार वर्षं त्याच्या मागे लागली होती. तुंगा मोठी झाली, आता वीळ्य करून टाकू. वीळ्य म्हणजे विड्याची पानं देऊन मुलगी पक्की करणं. दरवेळी रंगनाथच टाळायचा. मांडीवर खेळवलेली पोर ती, राहू दे ग, म्हणायचा. हे त्याचं बोलणं ध्यानात ठेवा.

रविवारी शर्यतीला तो मैदानावर होता. सुटल्यासुटल्या ओरडून ओरडून त्यानं घसा बसवून घेतला. शेवटच्या वळणावर मडिकेरीची उंच मुलगी पुढं होती आणि तुंगा तिला गाठत होती, तेव्हा मात्र त्याचं ओरडणं थांबलं. ह्याच वळणावर त्याचे स्वतःचे पाय भरून आले होते. पोरीचे भरून येत नव्हते. पडावी ही, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मनात आलेलं बघून तो स्वतःच दचकला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवू लागला. मग निकाल कर्ण्यावर सांगितला गेला, लोक भोवती जमले, आणि त्याच्याबरोबर पूर्वी धावलेल्या एका मित्रानं कुणालातरी त्याची ओळख करून दिली की हे तुंगाचे मामा. इतकी वर्षं ती रंगनाथची भाची होती. रंगनाथ हसला, हात मिळवला, भाचीला बदामाचं दूध पाजलं आणि स्वतः मात्र पोट बरं नाही म्हणाला. पोटातच होतं ते, त्यात खोटं काही नाही.

दुसरा घाव देवळात बसला. बुधवारी भजन झाल्यावर पंचांपैकी खंडोजीराव सहज बोलून गेले की ह्या रामनवमीला बक्षिसं तुंगाच्या हातून देऊ, पोरांना हुरूप येईल, काय रंगनाथ? रंगनाथ म्हणाला, होय की, छानच. त्यानं प्रसाद घेतला, चपला घातल्या, वाटेत भेटलेल्या दोघांशी हवापाण्याच्या गप्पाही मारल्या. घरी येऊन आईला म्हणाला, तुंगाचं वीळ्य ह्याच रविवारी करू.

सोयराबाईंना आभाळ ठेंगणं झालं. गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले, एक दिवाळीनंतरचा आणि एक जवळचा, बेंगळूरच्या स्पर्धेच्या आधीचा. मुलीचं वय अठरा हवं असा कायदा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण ते गुरुजींनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. रंगनाथनं जवळचा मुहूर्त धरला. म्हातारीला वाटलं, पोराला घाई झाली. साऱ्या आळीलाही तेच वाटलं, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

रविवारी सकाळी ताट आलं. विड्याची पानं, सुपारी, नारळ, मल्लिगेचा भरगच्च गजरा आणि हिरवी साडी. आणि तुम्हाला वाटेल कावेरीबाईंच्या पोटात धस्स झालं, छे. त्यांना बरंच वाटलं. इतकी वर्षं त्यांनी हेच मनात धरलं होतं. परक्या घरी पोर टाकायला नको, सासू म्हणजे तिची सख्खी अज्जी, नवरा म्हणजे आपल्या पाठचा भाऊ, मग छळ कोण करणार? जरा घाई होतेय एवढंच त्यांना खटकलं. त्यांनी पाट मांडले, पाण्याचा तांब्या ठेवला आणि तुंगाला साडी नेसून यायला सांगितलं. तुंगा आली, पण साडी न नेसता, सकाळी धावून आली होती त्याच कपड्यांत.

सोयराबाईंनी ते डोळ्याआड केलं. नातीला जवळ बसवलं आणि प्रेमानं समजावलं, “हे बघ तुंगा, आजपासून त्याला अरे-तुरे करायचं न्हाई. ‘अहो’ म्हणायचं. मामा-बिमा साकु आता.”

तुंगानं विचारलं की मग बेंगळूरचं काय. म्हातारी हसली. लग्न झालेल्या बाईनं निक्कर घालून गावापुढं धावायचं, कुठं ऐकलंस का? विठ्ठलराव गळ्यातली टेप उगीच गुंडाळत उलगडत बसले. गरीब माणूस. सासूसमोर त्यांच्या तोंडातून कधी शब्द फुटला नव्हता. कावेरीबाईंनी भावाकडं बघितलं. त्याला धावण्याचं मोल ठाऊक, तो काहीतरी मधला मार्ग काढेल, अशी त्यांची खात्री होती.

“सुम्ने, उगीच कशाला हट्ट अक्का,” रंगनाथ म्हणाला. “एकदा जिंकली, पेपरात नाव आलं, आयतु की, झालं. सगळंच तिला कशाला पाहिजे?”

आवाज गोड होता. पण कावेरीबाईंनी ह्या भावाला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. दुसऱ्याच्या हातातलं खेळणं मोडायच्या आधी तो असाच गोड बोलायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तुंगा रडली नाही. ती मामाच्या समोर येऊन बसली आणि साध्या आवाजात म्हणाली, “मामा, त्या दिवशी मी हरले असते, तर आज तू वीळ्य घेऊन आला असतास का?”

रंगनाथ हसायला गेला. मग म्हणाला की ह्याचा त्याच्याशी काय संबंध. मग नारळ उचलून उगाच सरळ ठेवला. सोयराबाई आधी नातीवर डाफरणार होत्या, पण मुलाच्या तोंडाकडं बघून थांबल्या. त्याला मांडीवरची पोर चार वर्षं नको होती, आणि ती जिंकल्यावर लगेच हवी झाली होती. का, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं.

कावेरीबाईंना त्या घटकेला जे कळलं ते मी तुम्हाला नीट सांगते, कारण ह्या चालीची सगळी गोम तिथं आहे. परक्या घरी दिलेली मुलगी गांजली तर निदान आईकडं येते. हिनं कुणाकडं यायचं? हिचं सासर तेच आईचं माहेर. नवऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन आली तर आईनं आपल्याच भावाविरुद्ध, आपल्याच आईपाशी भांडायचं. म्हणजे भांडायचं नाहीच. पोरीलाच म्हणायचं, सोस ग, घरातलाच आहे. घरातलाच आहे म्हणून त्या आजवर निर्धास्त होत्या, आणि घरातलाच होता म्हणून त्या पोरीला पळायला जागा उरली नव्हती.

त्यांनी ताट उचललं आणि आईच्या हातात दिलं. “आई, घेऊन जा. माझी मुलगी ह्याला द्यायची न्हाई.”

सोयराबाई ताट घेऊन उभ्या राहिल्या. हे ताट परत गेलं तर तुला माहेर उरणार नाही, मी मेले तरी येऊ नकोस, असं त्यांनी सांगितलं आणि ते धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. कावेरीबाईंच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. पण त्या दारातून बाजूला झाल्या आणि आईला वाट दिली. विठ्ठलराव उठले. सासूला जपून चपला पुढं करून दिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर बोलले. “वय बसत न्हाई तिचं,” म्हणाले. एवढंच. पण बोलले.

तीन आठवड्यांनी कावेरीबाई मुलीला घेऊन बेंगळूरला गेल्या. तुंगा जीव तोडून धावली आणि सहावी आली. वसतिगृहाची जागा काही मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी रंगनाथ आपण होऊन घरी आला. तोंडावर तेज, आवाजात खरीखुरी माया. लग्नाचा विषय त्यानं काढलाच नाही. जाऊ दे ग, बेंगळूरच्या मुली म्हणजे काय साध्या असतात, असं त्यानं तुंगाच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं आणि उद्यापासून बांधावर पुन्हा शिकवायला येतो म्हणाला. खोटं नव्हता बोलत. हरलेल्या भाचीवर त्याचं पहिल्यासारखंच प्रेम होतं. ते बघून कावेरीबाईंना ताट आलं त्या दिवसापेक्षाही जास्त भीती वाटली. “मामा आहेस, जेवायला ये,” त्या म्हणाल्या. “पण तिच्या धावण्याकडं फिरकू नको.” तो न जेवताच गेला.

सोयराबाईंनी शब्द पाळला. एकादशीला देवळात लेक दिसली की त्या खांबाच्या पलीकडं सरकून बसतात. बायकांना काय, हातात कोलीतच मिळालं. एकीनं तर कावेरीबाईंना तोंडावर विचारलं की सहाव्या नंबरासाठी माहेर मोडलंस का ग? “पहिली आली म्हणून मी ‘न्हाई’ म्हटलं नव्हतं,” कावेरीबाई म्हणाल्या. “शेवटची आली असती तरी तेच म्हटलं असतं.” आणि त्या टाळ घेऊन भजनाला बसल्या.

वाचकहो, तुंगा बेंगळूरला सहावी आली हे वाचून तुमचा विरस झाला असेल. ती पहिली यायला हवी होती, म्हणजे तिच्या आईनं केलं ते बरोबर ठरलं असतं, असं कुठंतरी वाटलं असेल. म्हणजे मुलीनं आधी जिंकून दाखवायचं आणि मग आपण तिचं आयुष्य तिला बक्षीस द्यायचं, असंच ना? तुमच्या आळीत अशाही मुली आहेत ज्या कधी कुठल्या शर्यतीत धावल्या नाहीत, ज्यांचं नाव कुठल्याच पेपरात येणार नाही, अभ्यासात बेताच्या, रूपानं बेताच्या. त्यांच्या दाराशी ताट येईल तेव्हा ते परत करायला तुमच्यापैकी कोण उठणार आहे?