शेठजींच्या गाडीतला लाल गालिचा

माणसाने कधीमधी कामात थोडी कुचराई करावी. हे मी सांगतोय, मगन ड्रायव्हर, ज्याने अकरा वर्षांत केली नाही. त्याचीच फळं भोगतोय.

सावद्याचे झुंबरलाल शेठजी म्हणजे केळीचे मोठे व्यापारी. त्यांच्या पांढऱ्या जुन्या अँबॅसेडरवर मी ड्रायव्हर. शेठजी वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत. वाईट असते तर केव्हाच किल्ली तोंडावर फेकून निघालो असतो. पण मी सोडायचं नाव काढलं की खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "मगन, तू नोकर थोडाच आहेस? तू तर घरचा माणूस." घरच्या माणसाला सुट्टी नसते बरं का! त्यांच्या दारात केळीचे ट्रक लागायचे म्हणून गाडीसुद्धा माझ्याच अंगणात उभी. केव्हाही निरोप यायचा, केव्हाही निघायचं. माझी मुलगी पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा मी राजस्थानात, शेठाणींच्या माहेरच्या दारात गाडी पुसत होतो.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात धुळ्याला सरकारी जीपवर ड्रायव्हरची जागा निघाली. मुलाखत गुरुवारी. मालकाच्या सहीचा अनुभवाचा दाखला पाहिजे, आणि वयाची अट अशी की जानेवारी लागला की मी बाहेर. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. मी छातीवर दगड ठेवून शेठजींपुढे उभा राहिलो. आणि काय आश्चर्य! शेठजी म्हणाले, "बरं. दाखला टाइप करून ठेवतो. सोमवारी चारला गाडी घेऊन ये. भुसावळला चाळीसगावचे एक पाहुणे उतरतील, त्यांना आणायचं. निघण्याआधी सही करून देतो."

मला वाटलं, देव पावला.

माझा मेहुणा झुलाल याला तर इतका आनंद झाला की रविवारी त्याने मळ्यात भरिताचा बेतच केला. हिरवी वांगी, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, लसूण-मिरची घालून लाकडी बडगीत कुटलेली, कांद्याची पात, आणि वर शेंगदाण्याचं तेल असं सैल हाताने सोडलेलं की बोट बुडावं. मी शेठजींच्या नात्यातली एक लग्नपत्रिका द्यायला फैजपूरला गेलो होतो, तिथून मळ्यात गेलो, गाडी घेऊनच. पोटभर जेवलो. निघताना झुलालने बेबाबाईसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, डबा भरून दिला. तो मी मागच्या सीटपुढे गालिच्यावर ठेवला. गावात शिरताना एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला.

डबा पूर्ण उपडा झाला होता.

आता यात काय मोठंसं, असं वाटेल. शेठजींचं घर कट्टर जैन. कांदा-लसूण सोडाच, वांगंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. शेठाणी सज्जनबाई याच गाडीतून महाराजसाहेबांच्या, म्हणजे जैन मुनींच्या, दर्शनाला जातात. अकरा वर्षांत त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती, "मगन, गाडीत असलं काही नको हं." आणि मी नेमका सहीच्या आदल्या दिवशी त्यांच्या पायाखालच्या गालिच्यात शेरभर लसणाचं तेल मुरवून बसलो होतो. वास आला की सही गेली. सही गेली की धुळं गेलं, आणि मी मरेपर्यंत घरचा माणूस.

"तुमाले कोणं सांगितलं होतं गाडीत भरीत आनाले?" बेबाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. पण पदर खोचून ती माझ्याही आधी गाडीत शिरली. भरीत खरवडून काढलं आणि तेलावर दादर ज्वारीचं पीठ दाबलं. सोमवारी उजाडता उजाडता ते पीठ झाडलं तर त्याच्या पिवळ्या ढेपा झाल्या होत्या. तेल बरंच उचललं होतं, पण वास जागचा हलला नव्हता. मग मी पेट्रोलच्या बोळ्याने टिपलं. ते वाळल्यावर रिठ्याचं कढत पाणी आणि काथ्याचा ब्रश. घास घास घासलं. अर्ध्या तासाने वास गेला. नाक लावून पाहिलं, बेबाबाईला हुंगायला लावलं. गेलाच होता.

आणि मी जो मागे सरून बघतो तर काय!

गालिचा तपकिरी आहे असं मी अकरा वर्षं समजत होतो. तो लाल होता. कुंकवासारखा लाल. भरीत सांडलेल्या जागी ताटाएवढा लाल गोल उठला होता, आणि बाकी सगळा गालिचा ग्रीस, धूळ, केळीचा चीक आणि लोकांच्या चपलांनी काळपट तपकिरी. आंधळ्यालाही कळलं असतं की इथे काहीतरी सांडलंय.

"आता बठ्ठा धुवा," बेबाबाई म्हणाली. ती माहेरची धुळ्याकडची, घाबरली की तिकडचा शब्द निघतो. बठ्ठा म्हणजे सगळा.

दुसरा इलाजच नव्हता. सीट उचलून अंगणात काढल्या, दारांजवळच्या पट्ट्यांचे स्क्रू खोलले, गालिचा सोलून बाहेर ओढला. खालून काय काय निघालं! केसांच्या पिना, वेलदोडे, शेठजींच्या नातवाचा खुळखुळा. दगडावर टाकून मी तो बदडत होतो आणि शिव्या घालत होतो. गालिच्याला, म्हशीला, झुलालला, सगळ्यात जास्त स्वतःला. पाणी काळं यायचं, परत काळं यायचं. गुडघे सोलले, बोटांची सालं निघाली. पण खोटं कशाला बोलू, लाल रंग वर यायला लागला तसा मला हुरूपच आला. धुळ्याची जीप दिसायला लागली. संध्याकाळी पाचला सुटणारा, रविवारी घरी असणारा मी दिसायला लागलो. त्या भरात मी दारांचे खिसे पुसले, छताचं कापड झटकलं, पितळी पट्ट्या चिंचेने घासल्या. गालिचा घराच्या धाब्यावर उन्हात टाकला आणि दर घटकेला उलटवला. साडेतीनला बसवला. पावणेचारला कापूर फिरवला. चारला शेठजींच्या दारात.

शेठजी कोट घालून बाहेर आले. मागचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. ते वाकले, गालिच्यावर हात फिरवला, तो हात नाकाशी नेला.

"सज्जन! बाहेर ये, बघ!" त्यांनी हाक मारली. शेठाणी आल्या. दोघं बराच वेळ आत बघत राहिली.

"आपल्या पोराची, इंदरची नवरी आणली तेव्हा हाच रंग होता ना?" शेठजी म्हणाले. मी श्वास सोडला. वाचलो.

"शेठजी, तो दाखला..." मी म्हणालो.

त्यांनी खिशातून कागद काढला. टाइप केलेला, शिक्का मारलेला, फक्त सही बाकी. मी पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"मगन, तुला सांगितलं नव्हतं. चाळीसगावचे रुपचंद आज गाडी बघायला येताहेत. विकणार होतो. गाडीच नाही तर तुला अडकवून काय करायचं, म्हणून दाखला द्यायला तयार झालो. पण आता कोण विकतो? दहा वर्षं काढील ही. आणि तू गेलास तर इतक्या मायेने हिला कोण बघेल?"

त्यांनी कागदाची घडी घातली.

पण डोकं चाललं. हाकलून तरी लावतील! दाखला एरवीही गेलाच होता, निदान सुटका तरी होईल. मी तोंड उघडलं.

"शेठजी, मायेने नाही धुतली. काल मी या गाडीत वांग्याचं भरीत सांडलं."

शेठाणींनी तोंडाला पदर लावला.

"लसूण होता?" शेठजींनी विचारलं.

"होता. पुष्कळ. कांद्याची पातही होती."

मी वाट बघत होतो. चल नीघ, एवढे दोनच शब्द मला हवे होते. आणि शेठजी शेठाणींकडे वळून म्हणाले, "बघितलंस? वास नाही, डाग नाही, कुणाला कळलंही नसतं. तरी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळेल का?"

त्यांनी दाखला फाडला. दोन तुकडे, मग चार. माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संतापाचं होतं ते, पण शेठजींना वाटलं, उपकाराचं. त्यांनी थोपटलंही.

"जा, रुपचंदना स्टेशनवर भेट. चहा पाज, माझ्या वतीने माफी माग आणि परतीच्या गाडीत बसवून दे. आणि हे बघ, आजपासून चपला बाहेर काढून बसत जा. गालिचा खराब होईल."

मी चपला काढल्या आणि पुढच्या सीटखाली कागदावर ठेवल्या. अनवाणी पायांनी क्लच दाबला. भुसावळपर्यंतच्या वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

रुपचंद स्टेशनबाहेर उभे होते. गाडी विकायची नाही असं मी सांगितलं तर चिडले. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत डोकावले.

"गाडी तर झकास आहे," ते म्हणाले. "परवापर्यंत घ्या घ्या म्हणून मागे लागले होते. आता एकाएकी काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "मी धुतली."