तोंडात राहिलेली सनई

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे, गाडीत बसवतात तसला. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखा टेप पाहिलाही नसेल. एक आडवी फट, तिच्याशेजारी कॅसेट काढायचं छोटं बटण, दोन बाजूंना दोन गोल बटणं आणि मध्ये रेडिओची काचेची पट्टी, एवढंच माझं रूप. एका गोल बटणानं आवाज वाढतो, दुसऱ्यानं पट्टीवरचा लाल काटा सरकतो. फटीत कॅसेट घातली की ती वाजते आणि काढली की रेडिओ लागतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते अमरावतीतलं कुर्बानभाईंचं दुकान, कारण मला पहिल्यांदा वीज तिथे मिळाली.

कुर्बानभाईंनी मला वलगावच्या देवीदासच्या पांढऱ्या जीपमध्ये बसवलं. देवीदास आणि त्याची बायको बेबीताई झेंडू आणि शेवंती लावायचे, पहाटे तोडायचे आणि अकोल्याच्या बाजारात न्यायचे. लग्नसराईत मात्र फुलं थेट लग्नघरी जायची आणि तिथे माझा खरा मान होता. देवीदासची एक रीत होती. लग्नाचं गाव आलं की तो वेशीपाशी गाडी थांबवायचा, सनईची कॅसेट माझ्यात सरकवायचा, आवाज पार वर न्यायचा आणि मगच गल्लीत शिरायचा. फुलांची गाडी आली हे साऱ्या गावाला कळायचं. पोरं मागे धावायची, बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. एखादा म्हातारा म्हणायचा, "आली रे बाप्पा सनई, आता लगन लागलं समजा!" देवीदास ऐटीत बसलेला असायचा आणि मी त्याच्याहून ऐटीत. खोटं कशाला बोलू, लग्नं माझ्यामुळेच लागतात असं मला वाटायचं.

मग वऱ्हाड प्रांताला वाईट वर्षं आली. कापूस पिकला तर भाव नसे आणि भाव आला तर घरात कापूस नसे. माझ्यावरच्या बातम्यांत रोज कुठल्या तरी गावाचं नाव यायचं आणि त्यापाठोपाठ जीव दिलेल्या एका शेतकऱ्याचं. बेबीताई पटकन हात पुढे करून काटा सरकवायची. "ऐकवत नाई आता," म्हणायची. लग्नं लहान झाली, हार कमी झाले, तरी देवीदासनं सनई सोडली नाही. "लोकायले दुसरं काय देनार आपन? हे तरी वाजू दे," असं त्याचं म्हणणं.

त्याच दिवसांत किसनरावांकडची मागणी आली. मूर्तिजापूरच्या अलीकडे आत वळलं की त्यांचं गाव. थोरल्या मुलीचं, कुंदाचं लग्न होतं. किसनराव स्वतः मळ्यात येऊन शेवंती निवडून गेले. जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे वाजवत येजो बरं. माही पोरगी खूश झाली पायजे."

लग्नाच्या सकाळी आम्ही वेशीपाशी थांबलो. कॅसेट आत गेली, सनई सुरू झाली. पण मागे कोणी धावेना. पोरं मांडवात असतील असं वाटून देवीदासनं आवाज आणखी वाढवला आणि वळण घेतलं. समोर मांडव होता. मांडवाखाली माणसं मान खाली घालून बसली होती, आणि ओट्यापाशी किसनरावांना निजवलेलं होतं. आदल्या रात्री त्यांनी विहीर जवळ केली होती. पाहुण्यांना निरोप गेले, वरपक्षाला निरोप गेला. फुलंवाल्याला कळवायचं कोणाच्या लक्षात येणार?

आणि मी वाजत होतो, अगदी गळा फाडून. देवीदासच्या बोटांना कॅसेट काढायचं बटण सापडेना. सापडलं तेव्हा सनई एका लांबलचक सुराच्या मध्यावर होती. त्यानं बटण अर्धंच दाबलं. तसं केलं की माझ्यातली कॅसेट बाहेर पडत नाही. ती थांबते, तोंडात तशीच राहते आणि रेडिओ लागतो. त्या गल्लीत कुठलंच केंद्र लागत नव्हतं, म्हणून नुसती खरखर सुरू झाली.

कोणी रागावलं नाही. दारातून हळदीच्या अंगानं एक मुलगी बाहेर आली. ती कुंदा होती. तिनं गाडीकडे पाहिलं, आणि ती आत गेली. मग एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "आनलेच हायत तर उतरव बापा फुलं. त्यानंच पसंत केले होते न." मांडवाची शेवंती किसनरावांच्या अंगावर पडली. देवीदासनं ती स्वतःच्या हातानं वाहिली.

त्या दिवसापासून त्यानं मला बंदही केलं नाही आणि गाऊही दिलं नाही. लाल काटा दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी नेऊन ठेवला. वलगाव ते अकोला आणि परत, नुसती खरखर. सनईची कॅसेट माझ्या तोंडात अर्ध्या घासासारखी राहिली. लग्नाची मागणी आली की तो फुलं दुसऱ्याच्या गाडीनं पाठवायचा. जीप अंगणात उभी असली तरी आत येऊन बसायचा आणि कान माझ्याजवळ आणायचा. वर्षांमागून वर्षं गेली, तरी त्याचं हे बसणं सुटलं नाही.

एकदा बेबीताईनं गाडीच्या काचेशी वाकून विचारलं, "काय ऐकता हो त्या खरखरीत?"

"सनई," तो म्हणाला. "वाजून राहिली अजून. पुरी होत नाई. पुरी झाली की येतो मी घरात."

मित्रांनो, माझ्या खरखरीत सनई नव्हती. पहिली काही वर्षं तर मी हे छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. पुढेपुढे मलाही तितकी खात्री वाटेना. बेबीताईनं मात्र त्याच आठवड्यात मळ्यातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. तिला कशाची भीती होती ते तिनं कोणाला सांगितलं नाही, पण गाडीत एकटी असली की ती रडायची.

मग तिच्या कानावर डिजिटल रेडिओचं नाव आलं. तिनं देवीदासला गाडी घेऊन अमरावतीला यायला लावलं. "कुर्बानभाई, ज्याच्यात खरखर राहतच नाई असा रेडिओ बसवून द्या. हे जुनी खरखर मले आता नको."

कुर्बानभाईंची दाढी पांढरी झाली होती, पण माझ्यावर हात ठेवताच त्यांनी मला ओळखलं. "हा काढायची गरज नाई, वहिनी," ते म्हणाले. "मागून एक डबी जोडतो, समोरच्या काचेले नवा अँटेना लावतो. कान नवे, गळा जुनाच. फक्त एक सांगून ठेवतो. जुन्या रेडिओले केंद्र नीट लागलं नाई तर तो खरखर तरी करते. याचं तसं नाई. आला तर एकदम साफ, नाई तर चुप."

"चुपच पायजे मले," बेबीताई म्हणाली.

कुर्बानभाईंचा हात माझ्या तोंडातल्या कॅसेटकडे गेला, तसं देवीदासनं त्यांचं मनगट धरलं. कुर्बानभाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हळूहळू देवीदासची पकड सैल झाली. त्यांनी कॅसेट अलगद काढली, चक्रं फिरू नयेत म्हणून त्यांत आगपेटीच्या काड्या अडकवल्या, स्पिरिटच्या बोळ्यानं फीत वाचणारं माझं हेड पुसलं, झिजलेला पट्टा बदलला, मग काड्या काढून कॅसेट होती तशी ठेवून दिली. "फीत केसभरबी हलली नाई, भाऊ," एवढंच ते म्हणाले.

नवे कान फार गुणी निघाले. निवेदिका मागच्या सीटवर बसून बोलते आहे असं वाटावं इतका आवाज स्वच्छ. पण मोठा रस्ता सोडून गाडी आत वळली की आवाज कापल्यासारखा तुटायचा आणि मग काहीच उरायचं नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा देवीदासनं करकचून ब्रेक मारला. "खरखर कुठं गेली?" तो म्हणाला. "आता तर तिथं कोनीच नाई." आणि त्या चुप जागेत तो पूर्वीपेक्षा जास्त कान देऊन बसला. बेबीताईनं त्याचा हात धरून ठेवला. आपण आगीतून फुफाट्यात आलो हे तिला कळलं, आणि मलाही.

ती डबी काढून टाकायची असं तिनं ठरवलंच होतं, तेवढ्यात कुंदाचा फोन आला. तिचं स्वतःचं लग्न पुढे घरातल्या घरात, फुलांशिवाय उरकलं होतं. आता धाकट्या बहिणीचं होतं. "काकू, फुलं तुमचेच पायजेत. आन काकाले म्हना, वाजवत या."

देवीदासनं नाही म्हटलं. बेबीताई म्हणाली, "मी बसतो न बाजूले." आणि ती बसली.

वेशीपाशी गाडी थांबली. त्यानं डिजिटलवर कुठलंसं गाणं लावलं, आवाज वर नेला आणि गल्लीत शिरला. वळणावर गाणं तुटलं. फुलांची गाडी त्या गल्लीत अगदी मुकी शिरली. मांडव त्याच जागी होता, आणि रस्त्याच्या मधोमध कुंदा उभी होती.

"काहून बंद हाय, काका?"

"लागत नाई इथं," देवीदास खाली पाहत म्हणाला.

"रेडिओचं नाई म्हनत मी." तिनं खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या तोंडातल्या कॅसेटवर बोट ठेवलं. "त्या दिवशी सनई आली तवा मले वाटलं, हे सारं खोटं हाय. आता बाबा उठून बसतीन. दिवसभरात तेवढंच बरं वाटलं होतं मले. अन तुमी ते मधातच बंद केलं."

देवीदासनं हात पुढे केला, आणि तिच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवून कॅसेट आत ढकलली.

मित्रांनो, रेडिओ कोणासाठी थांबत नाही. आपण ऐकलं नाही तरी त्याचा कार्यक्रम पुढे निघून जातो. फीत मात्र जिथे सोडली तिथेच थांबून असते. सनई त्याच लांब सुराच्या मध्यावरून सुरू झाली. आवाज घोगरा होता, जरा डुलतही होता, पण तो सूर वर चढला, थांबला आणि हळूहळू खाली उतरून पुरा झाला. मांडवातून पोरं धावत आली. कुंदा पदर डोळ्यांना लावून हसत होती. बाजू संपून कॅसेट खटकन थांबेपर्यंत देवीदास जागचा हलला नाही. मग खाली उतरला आणि म्हणाला, "चला, फुलं उतरवा. सुकून राहिले."

मी अजून त्याच जीपमध्ये आहे. डिजिटलचा आवाज माझ्याहून गोड आहे, हे मी मान्य करून टाकलं आहे. माझं मागणं एवढंच आहे: जुनं यंत्र फेकायच्या आधी त्यात काय अडकलं आहे ते पाहत जा. आणि घरातलं माणूस गप्प बसून काही ऐकू लागलं, तर काय ऐकतोस म्हणून त्याला विचारा, त्याच्या बाजूला बसा.

देवीदास आता संध्याकाळी घरात येतो. विहिरीच्या जाळीचं कुलूप उघडं असतं. किल्ली मात्र बेबीताईच्या कमरेला अजून आहे, आणि ती तिथेच असू द्यावी असं मला वाटतं.