पट्टीने आखलेली रेघ

भट्टीतून निघालेल्या बाटल्या कुणी वाऱ्यावर सोडत नाही. त्या एका लांब, तापलेल्या बोगद्यातून सावकाश गार करत आणतात. तिथलं तापमान वरखाली झालं की काचेत ताण अडकून राहतो. बाटली दिसते धडधाकट, आणि पुढे कुणाच्या तरी हातात फुटते. औषध भरणाऱ्या एका बाईचा तळहात असाच चिरला होता.

म्हणून कंपनीने तपासणीला आपल्या इंजिनिअरला, धाकटीला, पाठवलं. बोगद्याचा कारभार तिच्या सख्ख्या थोरल्या भावाकडे होता, आणि त्याला विभागप्रमुख करायचं घाटत होतं.

"या डॉक्टरीणबाई," दादा म्हणाला. "पेशंट ठणठणीत आहे. रेघ बघ!"

पडद्यावरची तापमानाची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. धाकटीला नेमकं तेच खटकलं.

"तापमान हलत नाही, तर गॅसची झडप सारखी उघडझाप का करतेय?"

"तुझ्यावर गेलीय. एका जागी बसवतंय का तुला?"

तिने बोगद्यात वेगळा तापमापक सोडला. त्यावरचा आकडा चढला, उतरला, पुन्हा चढला. पडद्यावरची रेघ ढिम्म. मग तिने झडप चालवणाऱ्या नियंत्रकाच्या सेटिंग्ज उघडल्या. येणाऱ्या मोजमापाची सरासरी काढणारा फिल्टर कुणीतरी भलताच जड लावला होता.

"दादा, हा फिल्टर?"

"मीच लावला. रेघ थरथरायची. वाटलं, तारेतला विजेचा गोंगाट असेल, तापमान नव्हे."

"आणि मग नियंत्रक सुस्त वाटला, म्हणून त्याचा जोर वाढवलास?"

"मग काय करणार?"

तिने त्याला समजावलं. थरथर खरी होती, गोंगाट नव्हताच. फिल्टरमुळे नियंत्रकाला शिळी बातमी मिळत होती, आणि त्या बातमीवर तो जोरात झडप फिरवत होता. चूक कळेपर्यंत तापमान दुसऱ्या टोकाला गेलेलं असायचं.

दादा खाली बसला. पलीकडे बाटल्या खोक्यांत भरल्या जात होत्या.

"दुपारी साहेब येतायत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नेमणूक होऊ दे. उद्या तुझ्या हाताने काढ तो फिल्टर. आईलासुद्धा अजून नेमणुकीचं सांगितलं नाहीये मी."

धाकटीने खोक्यांकडे बोट दाखवलं. "दादा, आजच्या बाटल्या आजच जाणार आहेत."

तिने फिल्टर काढला. रेघ डोंगरदऱ्यांसारखी वरखाली धावू लागली.

साहेब आले ते दारातच थबकले. "कुणी बिघडवलं हे?"

धाकटी बोलणार, इतक्यात दादा उठला. "आधीपासून बिघडलेलं होतं, साहेब. ते झाकलं गेलं माझ्या हातून. नकळत, पण माझ्याच हातून."

दोघांनी मिळून नियंत्रकाचा जोर उतरवला आणि बोगदा स्थिरावायची वाट पाहिली. रेघ शांत झाली. बारीक थरथर तेवढी राहिली. गोदामातला सगळा साठा फोडून पुन्हा भट्टीत घालायचं ठरलं. विभागप्रमुखाची खुर्ची दुसऱ्याकडे गेली.

साठा फोडायला दादा स्वतः उभा राहिला. त्या दुपारनंतर तो धाकटीशी बोलला नव्हता. ती येऊन शेजारी थांबली, तरी तो खोकी ओतत राहिला. खाली बाटल्यांचा चुरा होत होता. मग त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"चष्मा लाव," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "काच उडते."

तिने चष्मा लावला आणि खोक्याची दुसरी बाजू धरली.