टाकी कशी आहे?

"दोनच ग्लास प्यायलोय. आईशप्पथ," ड्रायव्हर काट्यावर उभ्याउभ्या म्हणाला.

"दोन ग्लास की दोन बादल्या?" टेक्निशियननं आकडा लिहून घेतला. "साडेतीन किलो वाढलंय. उतरा खाली, आईला मधे आणू नका."

रांगेतले बाकीचे हसले. डायलिसिसच्या त्या हॉलमध्ये मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं आठवड्यातून तीनदा यायची. प्यायलेलं पाणी त्यांच्या अंगातच साठायचं, ते काट्यावर वजन म्हणून दिसायचं आणि चार तास मशीनला जोडून ते काढावं लागायचं. जितकं पाणी, तितका त्रास. त्यामुळे एरवी देवमाणूस म्हणावा असा माणूसही इथं पाण्याच्या बाबतीत बिनदिक्कत थापा मारायचा. त्या पकडण्यात टेक्निशियनची हयात गेली होती. पेशंट त्याला माघारी 'काटा' म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

मग काकू काकांना कोपराला धरून घेऊन आल्या. काकांनी पायानं काट्याची कड चाचपली आणि वर चढले. त्यांना काहीच दिसत नसे. साखरेनं आधी मूत्रपिंडं खाल्ली होती आणि मग डोळे.

"किती?"

"अठ्ठावन्न दोनशे. सव्वा किलो जास्त. सगळे तुमच्यासारखे असते तर माझं ब्लडप्रेशर नॉर्मल असतं."

"आणि टाकी कशी आहे?"

"मस्त आहे काका. हिरवीगार."

सिस्टरनं फाईलमधून मान वर केली, आधी टाकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मान परत खाली घातली.

टाकी समोरच्या भिंतीशी होती आणि तिच्यात हिरवं असं जे काही होतं ते शेवाळ होतं. काचेवर हिरवट थर, दगडावर दाढीसारखं काळं शेवाळ, आणि मधे चार रोपांचे सडत चाललेले देठ. मासे होते, पण ते दिसण्यासाठी काचेला नाक लावावं लागे.

काकांचं जन्मभर शोभेच्या माशांचं दुकान होतं. मासेवाला म्हटलं की लोक किलोचा भाव विचारायचे आणि काका न रागावता सांगायचे, "आमच्याकडचे नुसते बघायचे." त्यांचा खरा जीव मात्र पाण्यातल्या रोपांवर. डायलिसिस सुरू झालं तसं दुकान बंद केलं आणि शेवटची टाकी त्यांनी या हॉलला देऊन टाकली, म्हणाले, चार तास छत बघून माणूस वेडा होतो. तेव्हा त्यांना अंधुक दिसत होतं. एकेक रोप लांब चिमट्यात धरून त्यांनी वाळूत स्वतः रोवलं, आणि टेक्निशियनला म्हणाले, "पाणी बदलत राहा. बाकी ती तिची ती जगते."

तो पाणी बदलत राहिला. त्यात त्यानं कधी अंगचोरपणा केला नाही. हॉलच्या मागच्या खोलीत पाणी शुद्ध करायची यंत्रणा होती. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पेशंटच्या रक्तापर्यंत पोचलं तर जिवावर बेततं, म्हणून रोज सकाळी ते तपासल्याशिवाय तो एकही मशीन सुरू करू द्यायचा नाही. असा माणूस काकांच्या टाकीत नळाचं पाणी कसा ओतेल? त्यानं मशीनचंच पाणी बादल्या भरभरून घातलं. अख्ख्या गावात त्याच्याइतकं स्वच्छ पाणी नसेल.

तरी रोपं रुसली. नवी पानं फिकी आणि वाकडी यायला लागली, जुन्यांना भोकं पडली. त्यानं पाणी आणखी वरचेवर बदललं. रोपांना जोर यावा म्हणून दिवा पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत चालू ठेवला. बाजारातून शेवाळाच्या औषधाची बाटली आणली. शेवाळाला ते औषध मानवलं असावं.

थाप सुरू झाली ती काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकल्याचं सांगितलं त्या दिवशी. काका थेट तिकडूनच आले होते. त्यांनी टाकीचं विचारलं आणि टेक्निशियनची जीभ रेटेना. छान आहे, म्हणून गेला. पुढच्या खेपेला पुन्हा प्रश्न आला, पुन्हा छान. मग नुसत्या छानवर भागेना, तेव्हा त्यानं मोठ्या रोपाला नवीन पान फुटवलं, कोपऱ्यातली झुडपं दाट केली. काका डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांचा चेहरा सैलावायचा. खोट्याच्या कपाळी गोटा, हे तो पेशंटना येताजाता ऐकवत असे. पण आपलं हे खोटं वेगळं आहे, असं त्याचं मत होतं. ड्रायव्हरचंही स्वतःच्या थापांबद्दल तेच मत होतं.

एके दिवशी काकांच्या नेहमीच्या पलंगाजवळचं मशीन दुरुस्तीला खोललेलं होतं, म्हणून त्यांना टाकीजवळचा पलंग मिळाला. डाव्या हातात दोन सुया, उजवा हात मोकळा, आणि उजवीकडे हातभर अंतरावर टाकी. टेक्निशियन त्यांना जोडून वळतो न वळतो तोच पलीकडे ड्रायव्हरच्या मशीननं आरडाओरडा सुरू केला. नळीला पीळ बसला होता. तो सरळ करून, त्याबद्दल ड्रायव्हरची खरडपट्टी काढून तो परत आला तेव्हा काका शांत पडून होते. उजवा हात पांघरुणाखाली होता.

"टाकी कशी आहे रे आज?"

"झकास. मोठ्या रोपाला अजून एक पान येतंय."

काकांनी पांघरुणातून हात काढला आणि मूठ उघडली. तळव्यावर काळं, बुळबुळीत झालेलं पान होतं आणि एका मेलेल्या गोगलगाईचा छोटा रिकामा शंख. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला तसा त्याचा भुगा झाला.

"हेच का ते पान?" काकांनी विचारलं.

पलंगाशेजारी पाण्याचे थेंब पडले होते. एरवी मशीन चालू असताना कुणी टाकीत हात घातला असता तर त्यानं हॉल डोक्यावर घेतला असता. आता तो नॅपकिन घेऊन त्यांचा हात पुसायला लागला.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो काका."

"वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं. ते माझं मी बघितलं असतं." काकांनी हात पुसू दिला. "वास कधीचा येत होता. म्हटलं, हा सांगेल. बरं, मगाशी माझं वजन किती सांगितलंस?"

"अठ्ठावन्न."

"खरं?"

"काका, वजनात मी कधी—"

"मला कसं कळणार, तूच सांग."

आवाजात राग नव्हता. ते खरोखरच विचारत होते.

पुढच्या खेपेला काका काट्यावर चढले. त्यानं आकडा सांगितला. काका म्हणाले, "सिस्टर, जरा वाचता का?" सिस्टर उठून आली, तिनं वाचला, तोच होता. "बरं," म्हणून काका उतरले. चार तासांनी, पाणी काढून झाल्यावरच्या वजनालाही पुन्हा तेच. मागे रांगेत ड्रायव्हरच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. "आता काट्यालाच काट्यावर चढवा एकदा," तो म्हणाला. कुणी फारसं हसलं नाही, कारण टेक्निशियनचा चेहरा बघवत नव्हता.

घरी बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"चांगल्यासाठीच बोललास ना? मग एवढं काय मनाला लावून घेतोस?" ती म्हणाली.

"अगं, त्यांना दिसत नाही. वजन, प्रेशर, किती पाणी काढलं, सगळं मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. त्यावर ते किती घोट पाणी प्यायचं ते ठरवतात. मी सांगतो तेवढंच त्यांच्या हाती आहे, आणि त्यात मी भेसळ केली."

बायकोनं चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

पुढच्या पाळीला त्यानं काकांना मशीन लावलं, स्टूल ओढलं आणि शेजारी बसला. तो पेशंटशेजारी बसलाय हे दृश्य सिस्टरनं पहिल्यांदाच पाहिलं.

"काका, टाकी मरायला टेकलीय. काय करू?"

काकांनी विचारलं, "पाणी कुठलं घालतोस?"

"आपलं. मशीनचं."

"अरे देवा." काका हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. "त्या पाण्यातलं सगळं काढून टाकतोस ना तू? चुना, क्षार, सगळंच?"

"सगळंच."

"मग ते आम्हाला कसं चालतं?"

"मशीन त्यात पाहिजे तेवढे क्षार परत मिसळतं. डबे मीच लावतो की."

"आमच्यासाठी मिसळतं. रोपासाठी कोण मिसळतं? उपाशी पाणी आहे ते. तू बिचाऱ्यांना पाटावर बसवून रोज रिकामी ताटं वाढलीस. शंखाचा भुगा झाला तेव्हाच मी समजलो, चुन्याचा कणही नाही यात."

क्षारांचे डबे तो रोज लावत होता, आणि ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. तो कानापर्यंत लाल झाला.

"नळाचं घाल."

"क्लोरीन?" हा शब्द त्याच्या तोंडून आपोआप गेला.

"आपल्या नळाला फार नसतं. बादली दिवसभर उघडी ठेव, उडून जातं. आणि एकदम नको, थोडं थोडं बदल, नाहीतर मासे जातील. दिवा किती वेळ असतो?"

"पूर्ण वेळ."

"शाबास. रोपांना खायला नाही आणि उजेड दिवसभर, मग शेवाळाची चंगळ नाही होणार तर काय? सकाळी चार तास, बस. सडलेलं पान दिसलं की कापून काढायचं, दया नको. ती औषधाची बाटली टाकून दे. काळं शेवाळ लगेच जाणार नाही, आधी वाढल्यासारखं वाटेल. घाबरायचं नाही." ते थांबले. "आणि मला दर खेपेला सांग. असेल तसं."

त्यानं सांगितलं. वजनाचा आकडा सांगायचा त्याच आवाजात. आज काळं शेवाळ वाढलंय काका. आज मधली उंच रोपं गेली, उपटून टाकली. आज एक मासा गेला. दुपारनंतर दिवा बंद असायचा, त्यामुळे टाकी कुणाच्या तरी अडगळीच्या खोलीतली वाटायची आणि पेशंट कुरकुरायचे. काका प्रत्येक बातमीवर 'हं' म्हणायचे, कधी विचारायचे, मुळं पांढरी होती की काळी? काळी, तो सांगायचा. वाईट बातमी सांगणं त्याला दर वेळी जड जायचं, आणि सांगून झाल्यावर बरंही वाटायचं.

सिस्टर मात्र काट्याचा आकडा वाचतच होती. एकदा काका स्वतःहून म्हणाले, "तुझ्यावर राग नाही रे माझा. पण एकदा पायरी चुकली की माणूस चाचपून पाय टाकतो." तो "हो काका" म्हणाला. त्यालाही ते पटलं होतं, म्हणून तर जास्त लागत होतं.

हवा गार व्हायला लागली तसं काकांचं जेवण कमी झालं. काकू दारात हळूच सांगायच्या, दोन घास खातात आणि ताट सरकवतात. शर्ट खांद्यावर टांगल्यासारखा दिसायला लागला.

त्या सकाळी काका काट्यावर चढले आणि आकडा स्थिरावला तेव्हा टेक्निशियनला वाटलं, काटा बिघडला. पण आधीच्या तिघांचं वजन बरोबर आलं होतं. काकांचं पाणी अजून काढलेलंच नव्हतं, आणि वजन मात्र सगळं पाणी काढल्यावर उरायला हवं त्या सत्तावन्नच्याही खाली गेलं होतं. म्हणजे जे गेलं ते पाणी नव्हतं.

काकूंनी आकडा वाचला नव्हता. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या आणि नकळत मान हलवत होत्या, नको, नको. सत्तावन्न म्हटलं असतं तर एक दिवस सगळ्यांचाच बरा गेला असता. त्याला ते म्हणावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

"चौपन्न नऊशे, काका."

"चौपन्न?"

"हो. पाणी फारसं नाही अंगात. अंग उतरलंय तुमचं. मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

काकूंनी तोंड फिरवलं. सिस्टर नेहमीप्रमाणे उठली आणि काट्याकडे यायला लागली.

काकांनी तिच्या चपलांचा आवाज ओळखला. "राहू द्या सिस्टर," ते म्हणाले. "त्यानं सांगितलंय."

ते उतरले आणि आधारासाठी हात पुढे केला, तो काकूंच्या नाही, टेक्निशियनच्या कोपरावर ठेवला. पलंगापर्यंत दोघं सावकाश गेले. काका आडवे झाले, डाव्या हाताची बाही त्यांनी स्वतःच वर केली.

"आणि टाकी?"

"काच घाणच आहे अजून. काळं थोडं कमी झालंय. मागच्या कोपऱ्यातलं एक रोप धरलंय, पान सरळ आलंय. बाकीच्यांचं सांगता येत नाही."

"हं."

ज्याला दिसत नाही तो माणूस सुईला दचकू नये म्हणून टोचण्याआधी 'आता' म्हणायची त्याची पद्धत होती. त्यानं शीर चाचपली, जागा पुसून घेतली, सुई धरली, पण तो एक शब्द म्हणण्याऐवजी पुसलेली जागाच पुन्हा पुसली. काका हात तसाच समोर धरून थांबून राहिले.