हललेला चेहरा

फोटोत आत्याला उजवा हातच नव्हता.

बिस्किटाएवढा तो फोटो — कडा वर वळलेल्या, धुताना वापरलेल्या औषधाचा आंबूस वास अजून न गेलेला — कार्मेननं खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. चुलीपुढं पाटावर बसलेली आत्या, तिच्या लुगड्याच्या चौकड्या एकेक ओळखू येणाऱ्या, गुडघ्यावरचा डावा हात नखांसकट स्वच्छ... आणि उजव्या कोपरापासून खाली नुसतं धुकं. मसाला भाजत होती ती तेव्हा, कढईत उलथणं गरागरा फिरवत. मग हात गेला कुठं? काल सांताक्रूझच्या वर्गात नंदू सरांनी हाच फोटो सगळ्यांपुढं धरून हाच प्रश्न विचारला होता, आणि कार्मेन लाजेनं अर्धी झाली होती — कॉलेज सांभाळून फोटोग्राफी शिकायला जाते काय, आणि घरच्याच माणसाचा हात घालवून बसते काय! पण सर हसले नव्हते. "गेला कुठं नाही," ते म्हणाले. "घरात अंधार होता, म्हणून तू कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवलास. तेवढ्यात हात चार ठिकाणी फिरून आला. सगळीकडं थोडा थोडा आहे, म्हणून कुठंच धड नाही. आता धुकं कुणीकडं ओढलंय ते बघ, हात कसा फिरला ते कळेल."

आत्याला हे काडीचं पटलं नव्हतं. "एवढ्या लांब जातेस शिकायला, न माझा हात खाल्लास गो!" असं म्हणून ती अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या खालीवर करायला निघून गेली होती. कार्मेनला मात्र त्या धुक्यानं झोप लागू दिली नाही. धुक्याला दिशा असते... म्हणजे बिघडलेल्या फोटोतूनसुद्धा काहीतरी वाचता येतं? आणि आज सकाळी चर्चमधल्या मिसाहून परत आल्यावर, चप्पल काढता काढता, तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि एक चप्पल पायातच राहिली.

भिंतीवर येशूच्या तसबिरीशेजारी मम्माचा फोटो होता.

आता तो फोटो कसला, हे अंधेरीच्या त्यांच्या गावठाणात कुणाला सांगावं लागलं नसतं. घराघरांत तसला एक होता. लग्नाला फोटोवाला आला तर आला, मयताला मात्र आलाच पाहिजे. माणसाला पेटीत ठेवायचं, उशा लावून डोकं वर घ्यायचं, पेटीभोवती सगळ्या घरानं नीट उभं राहायचं, आणि मग फोटोवाल्यानं काळ्या फडक्यात डोकं घालायचं. कार्मेनच्या आईच्या, ल्युसीच्या, लग्नात लढाई चालू होती, फोटो घ्यायला लागणाऱ्या काचा बाजारात मिळेनात. म्हणून आईचा एवढा एकच फोटो. लहानपणी कार्मेनला वाटायचं, आपल्या आईला फार झोप येते.

तो फोटो इंग्रज गेले त्या पावसाळ्यातला. ल्युसी बाळंतपणानंतरच्या तापानं गेली, तेव्हा कार्मेन अंगावर पिणारी होती. फोटोत आत्या आहे, तिच्या कडेवर एक पांढरं गाठोडं आहे — ती मी, कार्मेन दरवेळी मनाशी म्हणते — शेजारपाजारचे आहेत, आणि टेबलावर ठेवलेल्या पेटीमागं मधोमध पप्पा. पप्पा म्हणजे कोट. कोटाची बटणं, कोटाची कॉलर, आणि कॉलरच्या वर... फळ्यावरचं पुसल्यावर राहतं तसं पुसट काहीतरी. चेहराच नाही.

"पिऊन आलेला तुझा बाप," कांदिवलीच्या आजीनं, आईच्या आईनं, सांगितलं होतं. कार्मेन तेव्हा शाळेत होती. "बायकोच्या मयताला पिऊन! मेल्याला धड उभं राहवंना, म्हणून फोटो हलला." आजी वारली, पण ते वाक्य काही तिच्याबरोबर गेलं नाही. पप्पा संध्याकाळी घोटभर घेई, रोज, न चुकता — आणि रोज न चुकता ते वाक्य कार्मेनच्या ताटाशी येऊन बसे. भांडण कधी झालं नाही. भांडायला तरी बोलावं लागतं. "जेव, पप्पा." "पाणी आलंय, पप्पा." एवढ्यावर तिनं वर्षं काढली होती, आणि पप्पानं, अर्बननंही — मरोळच्या कारखान्यात फिटर असलेला, मुळात अबोल गडी — कधी विचारलं नाही, काय गो, माझं काय चुकलं?

तिनं स्टूल ओढलं आणि फोटो उतरवला. भिंतीवर त्याच्या जागी एक कोरा चौकोन उरला, बाकीच्या भिंतीपेक्षा गोरा. फोकस तपासायचं वर्गातलं भिंग तिनं फोटोवर टेकवलं आणि वाकली. काय शोधतेय मी? बापाची बाटली?

पावसाळा. घरात अंधार. म्हणजे डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागला असणार. म्हणूनच ते गाठोडं पुसट, आत्याची मान पुसट, म्हाताऱ्या शेजारणीच्या हातातली मेणबत्ती पुसट... जिवंत म्हणून जेवढे होते तेवढे थोडेथोडे हललेले. आई तेवढी स्वच्छ. पापण्यांचे केससुद्धा. कार्मेनला एकदम गलबलून आलं, पण भिंग तिनं उचललं नाही; ते पुढं सरकवलं, पप्पावर.

टेबलाखालून दिसणारे बूट. बुटांच्या नाड्या, एकीची गाठ सुटत आलेली — लख्ख. गुडघे लख्ख. एका हातात टोपी, तिची कड लख्ख. दुसरा हात पेटीच्या कडेवर, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्यासुद्धा... प्यालेला माणूस डुलतो तो मुळापासून डुलतो. गावठाणात असे डुलणारे काय तिनं कमी पाहिले होते? पण पेटीला धरून उभा असेल तर — हां, तसंही असेल, तिनं स्वतःलाच टोकलं, उगाच बापाची वकिली नको. पण मग गुडघे? टोपी? टोपी धरलेला हात तर मोकळाच होता! आजी, तू खोटं बोललीस गं? की धुकं वाचायला तुलाही कुणी शिकवलं नव्हतं?

हललं होतं ते फक्त डोकं. हुंदक्यानं? हुंदका आधी खांद्यांत येतो, आणि खांदे जागच्या जागी होते. तिनं श्वास रोखून धुकं कुणीकडं ओढलंय ते पाहिलं. उजवीकडं. आधी समोरचा चेहरा, अगदी विरळ, एक भुवई असावी तेवढीच; मग एक पट्टा; आणि पट्ट्याच्या शेवटी जरा गडद — गाल, कान. म्हणजे फोटोवाल्याकडं बघत उभा असलेला हा माणूस मध्येच वळला आणि वळूनच राहिला. कुणाकडं? उजवीकडं खाली उशीवर आईचं डोकं. त्याच्यावर आत्या आणि तिच्या कडेवर मी. आणि आमच्या मागं घराचं दार, सताड उघडं. आई, मी, दार... सगळं एका रेषेत आलेलं. शी! फोटोवाल्याला आत्याला जरा पलीकडं उभं करता आलं नसतं?

आत्या अंगणात कावळ्यांना शिव्या देत होती.

"आत्या, मम्माच्या मयताचा फोटो काढला तेव्हा पप्पा कुणाकडं बघत होता?"

"मला काय ठाव? तू अशी केकाटत होतीस गो! फोटोवाला वरडतोय, हलू नका, हलू नका, न तू माझ्या कानात भोंगा लावलेला."

"पप्पा प्यालेला?"

आत्याचा मिरच्यांतला हात थांबला. "कोन बोलला?"

"कांदिवलीची आजी."

"तिची पोर गेलेली. कुणावर तरी राग धरायचा होता तिला, धरला." आत्यानं पुन्हा मिरच्या परतायला घेतल्या, आणि कार्मेनला वाटलं, संपलं. पण आत्या ती आत्याच. "पिलेला असंल पन. मी काय तोंडाचा वास घेतला? तुला आज हे कुठून सुचलं, जा, नाकात मिरची जाईल."

कार्मेन परत आत आली तेव्हा पप्पा खोलीत उभा होता. विहिरीवर अंघोळ करून आलेला, केस ओले, आणि बघतोय त्या गोऱ्या चौकोनाकडं. आता हा चिडणार, तिला वाटलं. चिडला तर बरं, म्हणजे विचारता येईल.

"खिळा पडला?" त्यानं विचारलं.

"नाही. मीच काढला. बघत होते."

टेबलावरचा फोटो त्यानं पाहिला, वरचं भिंगही पाहिलं. मग कोपऱ्यात तिकाटण्यावर उभ्या असलेल्या, वर्गातून आणलेल्या कॅमेऱ्याकडं वळला. "माझा काढ की एक," तो म्हणाला — पाणी दे म्हणावं तसं. "शिकतेस ना?"

तिनं कॅमेरा घरापुढच्या ओट्यावर नेला. ओट्यावर सावली होती, रोलमध्ये शेवटचीच जागा उरलेली; सगळं लख्ख यावं म्हणून तिनं कॅमेऱ्याचं भोक बारीक केलं आणि उजेड पुरावा म्हणून शटर असं लावलं की कळ दाबून धरावी तेवढा वेळ डोळा उघडा राहील. दोन आकडे मोजून सोडायचं. अर्बननं सदऱ्याची गळ्याशी असलेली गुंडीसुद्धा लावली. पाय जुळवले. हात कुठं ठेवावेत ते न कळून मांड्यांना चिकटवले, आणि सरळ कॅमेऱ्याच्या भिंगात बघत म्हणाला,

"ह्या टायमाला नाय हलनार."

कळीवरचं कार्मेनचं बोट तिथंच थांबलं. म्हणजे याला ठाऊक होतं! रोज त्या भिंतीखाली बसून हा जेवला, रोज संध्याकाळी तिथंच पेला घेऊन बसला, आणि याला सगळं ठाऊक होतं — की ल्युसीचा एकुलता एक फोटो आपण बिघडवला, की पोर रोज वर बघते आणि आपल्याला चेहरा नाही. आजी काय सांगायची तेही ठाऊक असेल... आणि गप्प? माझ्यासारखाच गप्प? मग आम्ही दोघं एका घरात करत काय होतो, देवा?

तिनं कळ दाबली. कॅमेऱ्याच्या बाजूलाच ती उभी होती, भिंगापासून हातभर अंतरावर, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"पप्पा, तू तेव्हा कुणाकडं बघत होतास?"

एक.

अर्बननं उत्तर दिलं नाही. देणार कसा? हलणार नाही म्हणाला होता ना! ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर ताठ, छातीत भरून ठेवलेला श्वास... सगळा माणूस शब्दाला जागून दगडासारखा उभा. फक्त भिंगावर लावलेले डोळे सरकले आणि तिच्यावर आले, आणि मग तिथून हललेच नाहीत.

दोन कधीच होऊन गेले. फोटो आता पांढराफटक जाणार हे कार्मेनला कळत होतं, काल शिकलेल्या पोरीलाही कळलं असतं. बोट उचललं की त्याचं तोंड उघडेल आणि काय यायचं ते येईल — तुझ्याकडं, तिच्याकडं, दाराकडं, किंवा मी प्यालो होतो, पोरी. सकाळपासून तिला हेच हवं होतं. पण हे डोळे घारे आहेत... एवढे घारे? उजव्या भुवईत ही खोक कधीपासून आहे? थांब, पप्पा, आत्ताच बोलू नकोस, अजून माझं बघून झालेलं नाही, असं काहीतरी ती मनात म्हणत राहिली, आणि कळ तिनं तशीच दाबून धरली.