शेवटच्या गाडीतला दोर

मी एक जुना दोर आहे. दोरी म्हणू नका, मित्रांनो, मला राग येतो. दोरीवर कपडे वाळत घालतात. माझ्यावरही घातलेत, नाही असं नाही, पण माझं खरं काम वेगळं. मी अंगठ्याएवढा जाड आणि दहा हात लांब आहे. माझ्या दोन्ही टोकांना लोखंडी आकडे आहेत. गाडी रस्त्यात बंद पडली की तिला चालत्या गाडीच्या मागे बांधून नेतात, त्याला टोचन लावणं म्हणतात. ते टोचन म्हणजे मी.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दोर वळणारा माणूस दिवसभर धागे हातात धरून मागे मागे चालायचा. आयुष्यभर उलटा चालला, पण कधी कुणाला धडकला नाही. पीळ बेताचा हवा, असं तो म्हणायचा. कमी पडला तर दोर उसवतो, जास्त झाला तर तटकन तुटतो. माझा पीळ त्याने बेताचा घातला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, त्यातला मी. कुणी मला गुंडाळून नीट ठेवलं नाही, तर अजूनही मी मुद्दाम गुंता करून बसतो.

पुढे आठ महिने मी एका दुकानात बादल्या आणि झाडूंच्या शेजारी लटकत होतो. एके दिवशी एक किडकिडीत गृहस्थ आले. त्यांनी मला बोटांनी चाचपलं, नाकाला लावलं, ओढून पाहिलं आणि म्हणाले, ‘हा चालेल.’ हे आमचे काका. छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. छापखान्यातले खिळे म्हणजे शिशाची अक्षरं, आणि ती असतात उलटी. काका ती भराभर वाचायचे. ‘अख्खं शहर सुलट वाचतं, मी उलट वाचतो,’ असं मोठ्या ऐटीत सांगायचे. डोळे हा त्यांचा अभिमान होता.

काकांची गाडी लिंबासारखी पिवळी होती आणि ते गाडीवाल्यांच्या एका क्लबात होते. क्लब म्हणजे काही बडं प्रकरण नव्हे. अठरा गाड्या, त्यांचे अठरा मालक, त्यांची बायकापोरं आणि चार कुत्री. अध्यक्ष होत्या बेकरीवाल्या बाई. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची आणि ती त्या कारण नसतानाही वाजवायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सगळे पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत जमत. आधी एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवत, मग चहा पीत, मग निघत. कधी टेकडीवर, कधी तळ्याकाठी, कधी नुसतंच ‘जाऊ तिकडे’.

तिथे पोहोचल्यावर सावकाश शर्यत असे. न थांबता जो सगळ्यांत शेवटी पोहोचेल तो जिंकला. चांगली मोठी माणसं घामाघूम होऊन गोगलगायीसारख्या गाड्या चालवत आणि पोरं खाली लोळून हसत. जेवणानंतर माझी पाळी. चार नवरे एकीकडे, चार बायका दुसरीकडे आणि मध्ये मी. रस्सीखेचीत काकू अशी टाच रोवत की नवऱ्यांची बाजू पाच वर्षांत एकदाही जिंकली नाही. पाण्यात भिजलेल्या पोरांच्या चड्ड्या माझ्यावर वाळत घातल्या त्या याच दिवसांत. मला तेव्हा अपमान वाटायचा. आता आठवण आली की बरं वाटतं.

पण रस्त्यावर क्लबाचा एक नियम फार कडक होता. वळण आलं की प्रत्येकाने थांबायचं, आणि आरशात मागची गाडी दिसल्याशिवाय वळायचं नाही. म्हणजे कुणी चुकत नाही, कुणी मागे राहत नाही. सगळ्यांत शेवटी असायची आमची पिवळी गाडी. तिला सगळे ‘शेपूट’ म्हणत. कुणाची गाडी बंद पडली की शेपूट मागून येणार, काका उतरणार, मला डिकीतून काढणार. वीस वर्षांत काकांनी क्लबातली जवळजवळ प्रत्येक गाडी ओढली. आणि मागच्याला दरवेळी एकच धडा द्यायचे. ‘ओढणाऱ्याचं काम सोपं आहे. दोर ताठ ठेवणं हे मागच्याचं काम. दोराकडे बघायचं. सैल पडतोय असं दिसलं की हलकेच ब्रेक लावायचा.’ आमच्या गाडीला मात्र कधी टोचन लागलं नव्हतं. काका हे येता-जाता सांगत.

आता जे सांगतो ते सांगताना मला अवघड वाटतं. ज्या रविवारची ही गोष्ट, त्याच्या दोनेक वर्षं आधी काकांची नजर जाऊ लागली. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी जपा, आणि गाडी चालवणं बंद करा, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हे फक्त काकूंना ठाऊक होतं, आणि डिकीत पडल्या पडल्या मला. काका म्हणाले, ‘गाडी सुटली की क्लब सुटला. मग रविवारी मी करू काय, भिंतीकडे बघत बसू?’ काकू आधी भांडल्या, मग रडल्या आणि शेवटी शेजारच्या सीटवर बसून रस्ता वाचू लागल्या. ‘पुढे खड्डा आहे. डावीकडून सायकल येतेय. आता दिवा लाल झाला. अहो, लाल म्हणजे लाल!’ लोकांना वाटायचं, काकू फार बडबड करतात. काय बडबड होती ती! त्या बाईने दोन वर्षं गाडीत पापणी मिटली नाही.

चूक होती, मित्रांनो. रस्त्यावर दुसरी माणसंही असतात. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

त्या रविवारी क्लब तळ्यावर निघाला होता. काकू नेहमीप्रमाणे बाहेरचं सगळं वाचत होत्या. पण गाडीच्या आतही वाचायचं असतं, हे ना काकांनी त्यांना सांगितलं, ना त्यांना सुचलं. इंजिन तापल्याचा काटा लालमध्ये जाऊन टेकला होता. काकांना तो दिसला नाही. अचानक भस्सकन वाफ आली आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

‘थांबतील,’ काका म्हणाले. ‘नियम आहे. पुढच्या वळणावर डॉक्टर थांबलेले असणार.’ डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आमच्या पुढची निळी गाडी.

आणि डॉक्टर थांबलेही होते! नंतर कळलं ते असं. वळणावर त्यांनी आरशात पाहिलं, तर मागून पिवळी गाडी येत होती. ‘आलं शेपूट,’ म्हणून ते वळले. पण ती पिवळी गाडी भलत्याचीच होती. एक नवराबायको भाड्याचं घर बघायला निघाले होते आणि वाट चुकले होते. एवढ्या गाड्या ओळीने चालल्यात म्हणजे रस्ता बरोबरच असणार, असं त्यांना वाटलं. प्रत्येक वळणावर लोक आपल्यासाठी थांबतात हे पाहून तर ते अगदी भारावून गेले. थेट तळ्यापर्यंत आले. दोन-दोन सँडविच खाऊन झाल्यावर बेकरीवाल्या बाईंनी विचारलं, ‘तुम्ही कुणाकडचे?’ तेव्हा कुठे बिंग फुटलं.

इकडे तासभर आम्ही उन्हात, आणि फोन घरीच राहिलेला. काका घटकेघटकेला नियमाची आठवण काढत होते. मी डिकीत होतो. पण दोर एकटा काय करणार? ओढायला दुसरी गाडी लागते.

शेवटी डॉक्टर आले. सोबत त्यांची सहा वर्षांची मुलगी होती. उतरताच त्यांनी कान पकडले. ‘काका, चुकलो. रंग बघितला, गाडी बघितलीच नाही.’

‘असू द्या,’ काका म्हणाले. ‘मेकॅनिकला फोन करा.’

‘येतानाच केला. आज रविवार, कुणी उचलत नाहीये. टोचन लावू या की. दोर आहेच तुमच्याकडे.’

‘माझ्या गाडीला टोचन? अजिबात नाही.’

काकूंचा पारा चढला. ‘वीस वर्षं दुसऱ्यांना ओढलंत तेव्हा त्यात काही वाईट नव्हतं, आणि स्वतःवर आलं की नाक कापलं जातंय होय? तुम्ही बसा इथे. मी डॉक्टरांबरोबर चालले.’

काका निमूटपणे डिकीकडे गेले. मला बाहेर काढताना त्यांनी आकडा हाताने चाचपून शोधला. डॉक्टरांना वाटलं, सवयीचा हात आहे.

आम्ही निघालो. काका पहिल्यांदाच मागच्या गाडीत होते आणि जो धडा दुसऱ्यांना घोकायला लावला, तो त्यांना स्वतःला जमेना. कसा जमणार? मी त्यांना दिसतच नव्हतो. मी सैल पडायचो, मग खाडकन ताणला जायचो. माझे दोन धागे तुटले. ‘सैल पडला,’ काकू ओरडत. ‘आता ताणला. सोडा ब्रेक. अहो, परत सैल!’ त्यांचा आवाज बसला होता.

पुढे उतार लागला. एक सायकलवाला अचानक आडवा आला आणि डॉक्टरांनी ब्रेक मारला. मागचे लाल दिवे लागले, पण उन्हात काकांना ते कुठले दिसायला? मी जमिनीवर लोळत होतो आणि आमची गाडी पुढेच चालली होती. ‘थांबा!’ काकू जिवाच्या आकांताने किंचाळल्या. काकांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा दोन्ही गाड्यांमध्ये वीतभर अंतर उरलं होतं. सायकलवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

निळ्या गाडीच्या मागच्या काचेत डॉक्टरांची मुलगी गुडघ्यांवर बसली होती. तिला वाटलं, गंमतच आहे. ती दोन्ही हात हलवून काकांना टाटा करत होती.

डॉक्टर उतरून काकांच्या खिडकीपाशी आले. काहीतरी बोलायचं म्हणून काकू म्हणाल्या, ‘अहो, हात तरी करा तिला. केव्हाची टाटा करतेय.’

काकांनी समोर पाहिलं. नीट, डोळे बारीक करून पाहिलं.

‘कोण टाटा करतंय?’ त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं, मग आपल्या मुलीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

काका दार उघडून उतरले. बॉनेटवरून हात फिरवत फिरवत निळ्या गाडीपर्यंत गेले, बाजूने वाकून काचेला अगदी नाक लावलं, तेव्हा त्यांना ती मुलगी दिसली. ती हसली. काका मात्र रडत होते.

‘डॉक्टर,’ ते म्हणाले, ‘मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. हिला शपथ घातली होती मी. आज माझ्या हातून तुमची पोर...’ त्यांनी किल्ली डॉक्टरांच्या हातात ठेवली.

पिवळी गाडी कडेला नीट लावून सगळे निळ्या गाडीत बसले आणि मी डॉक्टरांच्या डिकीत. तळ्याकाठी पोहोचल्यावर काकांनी सगळ्यांसमोर उभं राहून सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मला भीती होती, कुणीतरी ‘बिचारे’ म्हणेल. बेकरीवाल्या बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्या चिडल्या. ‘दोन वर्षं तुम्ही आमच्या पोरांच्या मागे आंधळी गाडी चालवलीत, काका. हे मी विसरणार नाही.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘आणि पुढच्या महिन्यात आला नाहीत, तर तेही विसरणार नाही. डॉक्टरांची मागची सीट तुमची.’

काकांनी मान खाली घातली. ‘बरं,’ एवढंच म्हणाले.

परत येताना मी डिकीत होतो. पुढे कोण काय बोलतंय ते ऐकायला मी कान टवकारले. खड्डे आले, सायकली आल्या, दिवे लाल झाले, पण काकूंचा आवाज काही येईना. मला धाकधूक वाटली. मग घोरण्याचा आवाज आला. चांगला मोठा, बिनधास्त.

‘डॉक्टर, जरा हळू घ्या,’ काका हलकेच म्हणाले. ‘झोपलीय ती.’ आणि मग अगदी बारीक आवाजात, ‘दोन वर्षांनी झोपलीय गाडीत.’

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझे आणखी काही धागे तुटले आहेत आणि मला कुणी फारसं वापरत नाही. एक सांगतो, तेवढं ऐका. मला ओलं ठेवू नका, उन्हात टाकू नका, हे तर आहेच. पण कुणी आपल्याला ओढून नेलं तर त्यात लाज मानू नका. आपली लाज झाकायला आपल्यासाठी कोण रात्रंदिवस ताणलेलं उभं आहे, ते बघा. तुमच्याही घरात असेल कुणीतरी. दोर काय, माणूस काय, सारखा ताणलेला राहिला तर एक दिवस तुटतो. त्याला थोडं सैल पडू द्या.